मधला दरवाजा

छावणी, १२ ऑक्टोबर

मामा,

नमस्कार आणि सॅल्यूट, दोन्ही. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, महत्त्वाचं असेल ते कागदावर लिहून पाठव, हा तुमचा हुकूम मी भरती झाल्यापासून पाळते आहे. आज मात्र कागद समोर घेतला आणि रणगाड्याचं इंजिन उतरवणं सोपं वाटायला लागलं.

बातमी अशी की जानेवारीत आमच्या ब्रिगेडचा सामूहिक विवाह आहे. दर वर्षी असतो. तुम्ही नोकरीत होतात तेव्हा त्या जोडप्यांना पावलं जुळवायला तुम्हीच शिकवायचात, आणि नवऱ्या मुली रडकुंडीला यायच्या असं मामी सांगते. या वर्षी त्या जोडप्यांत मी आहे. मी आणि मान-ली. मान-ली म्हणजे छावणीच्या फाटकासमोर नाश्त्याचं दुकान चालवते ती. तुम्ही पाठवलेल्या मुळ्यांच्या वड्या करून दर हिवाळ्यात तुम्हालाच परत पाठवते ती. आपल्या तैवानात अशा लग्नाचा कायदा होऊन आता बरेच दिवस झाले, त्यामुळे कागदोपत्री काही अडत नाही. बाबांना सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, सूट कुठल्या रंगाचा घालू.

आता खरं मागणं. दादाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो वाजंत्री घेऊन आजोळी आला होता ना? मी तेव्हा शाळेत होते, पण सगळं आठवतं. पुढे सनई, मागे दादा, तुम्ही पूर्वजांच्या देवघराचा मधला दरवाजा उघडून उंबऱ्यात उभे. तुम्ही त्याच्या खांद्यावरून लाल वस्त्र घातलंत, फटाके लावलेत, मग त्याने आईच्या वाडवडिलांसमोर उदबत्ती लावली. आईने तेव्हा डोळे पुसून पुसून पदर ओला केला होता, पदर नव्हता म्हणा, तुमचाच रुमाल होता.

मामा, मलाही तसं यायचंय. मान-लीला घेऊन. हे विचारायला खरं तर आईने यायला हवं होतं. ती नाही, म्हणून मीच विचारते.

तुमची,
आ-हान

* * *

मेइनोंग, २१ ऑक्टोबर

आ-हान पोरी,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय. मामी म्हणते आधी अभिनंदन लिहा, म्हणून आधी अभिनंदन.

तू मला ओळखतेस. मी जुन्या वळणाचा असेन, पण कोत्या मनाचा नाही. आमच्या तोफखान्यात आचारी श्यू होता, तोही तुझ्यासारखाच. सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कधी त्याला एका शब्दाने छेडलं नाही. त्याच्या हातचं आम्ही बोटं चाटून खाल्लं. आणि तुलाही मी इतक्या वर्षांत कधी काही विचारलं का? नाही विचारलं. ज्याने त्याने आपलं काम चोख करावं, बाकीचं ज्याचं त्याच्यापाशी.

आता आजोळी येण्याचं. तो मान मुलग्यांचा. मुलगी वाजंत्री घेऊन आजोळी आल्याचं आपल्या गावात कुणी पाहिलेलं नाही, आणि इथे तर नवरदेवच नाही. गावात चर्चा होईल, भाऊबंद तोंड वाकडं करतील. मी मार्ग काढलाय. तुम्ही दोघी साध्या कपड्यांत या. मुळ्याच्या शेताकडून मागच्या दाराने आत या, उदबत्ती लावा, मामीच्या हातच्या शेवया खा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जा. तुला कुणी अडवत नाही. फक्त कुणाला त्रास नको.

मुळा अजून बोटाएवढाच आहे. महिन्याभरात पेटी पाठवतो. त्या नाश्त्यावाल्या मुलीला सांग, मागच्या खेपेला वड्यांत मिरी जास्त झाली होती.

मामा

* * *

छावणी, ३ नोव्हेंबर

मामा,

तुमचा निरोप पोचवला. ती म्हणाली, मिरी जास्त नव्हती, मुळ्याला पाणी सुटलं होतं. पाऊस पडल्यावर दोन दिवस थांबून मग उपटायला सांग त्यांना. आणि त्या नाश्त्यावाल्या मुलीला नाव आहे. मी ते मागच्या पत्रात लिहिलं होतं.

तुम्ही कधी काही विचारलं नाहीत हे खरं. मला वाटायचं, विचारतील. सुट्टीवर आले की तुम्ही माझ्या गुडघ्याची चौकशी करायचात, बुटांची, पगारवाढीची, रणगाड्याच्या पट्ट्यांची. मान-लीला ताप येऊन ती दवाखान्यात होती तेव्हा मी तुमच्याकडे जेवायला बसले होते. मी अन्न नुसतं चिवडत होते आणि तुम्ही मला हवामान सांगत होतात. आचारी श्यूचंही असंच काही होत असेल का, असं उगाच मनात आलं.

तर आम्ही येत नाही. रागावून नव्हे, खरंच. त्या मागच्या दाराने मी लहानपणी हजारदा आलेय, चिखलाच्या पायांनी, आणि मामीचे धपाटे खाल्लेत. तेव्हा मी घरची पोर होते, मला दुसरं दार माहीतच नव्हतं. या वेळी मला लग्नाची म्हणून यायचं होतं. लग्नाची माणसं स्वयंपाकघरातून आत घेत नाहीत.

मामीच्या शेवया मात्र फार आठवतील.

आ-हान

* * *

मेइनोंग, १७ नोव्हेंबर

आ-हान पोरी,

पेटी आजच टपालगाडीत चढवली. पाऊस पडल्यावर दोन दिवस थांबून उपटलेत, तसं तिला सांग. या वर्षी शेतातल्या सरी अशा सरळ आल्यात की एका टोकाला उभं राहिलं तर एकच मुळा दिसतो. शेजारचा आ-खून विचारत होता, दोरी लावतोस की दुर्बीण.

तुझ्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टींवर मी विचार करतोय. मी सावकाश विचार करणारा माणूस आहे. मामी तेवढी थांबायला तयार नाही. ती माझ्याशी बोलत नाही आणि शेवया गार वाढते.

तुमच्या सामूहिक विवाहाची रंगीत तालीम कधी आहे? रांग कशी लावलीय ते सविस्तर कळव. हुद्द्याप्रमाणे लागली पाहिजे, आणि हुद्दा एकच असेल तर सेवा ज्याची जास्त तो पुढे. हे आजकालच्या पोरांना शिकवावं लागतं. आणि नवे बूट घालू नकोस. निदान आठवडाभर आधी घालून वर्कशॉपमध्ये फिर, नाहीतर ऐन वेळी लंगडशील आणि माझं नाव जाईल.

मामा

* * *

छावणी, ६ डिसेंबर

मामा,

पेटी मिळाली. मान-लीने मुळा मोडून पाहिला आणि म्हणाली, आता ठीक आहे, आता मिरीची तक्रार करून दाखवा म्हणावं. वड्यांचा डबा पाठवते आहे. वर्कशॉपमधल्या पोरांपासून तो वाचवताना मला शेवटी हुद्दा वापरावा लागला.

काल तालीम झाली. सगळं मेजर खोंग बघताहेत. माणूस भला आहे, कधी आवाज चढवत नाही. मैदानाच्या एका टोकाला सजवलेले लष्करी ट्रक, त्यांच्या पुढून जोडप्यांची रांग, समोर मांडवात घरची माणसं आणि फोटोवाले. तुम्ही सांगितलंत तशीच रांग आहे, आधी अधिकारी, मग सार्जंट, मग कॉर्पोरल, एकाच हुद्द्यात सेवेप्रमाणे. फक्त आम्ही दोघी सगळ्यांत शेवटी आहोत. कॉर्पोरलांच्याही मागे, शेवटच्या ट्रकच्या पलीकडे. तिथून आम्हाला मांडव दिसत नाही आणि मांडवाला आम्ही दिसत नाही.

मेजर साहेबांनी मला बाजूला घेऊन अगदी मऊ आवाजात समजावलं. म्हणाले, "आमची काहीच हरकत नाही, सार्जंट. तुम्हाला कुणी अडवत नाही. फक्त कुणाला त्रास नको."

मी "जी सर" म्हटलं.

मामीला सांगा, बूट घालून फिरते आहे.

आ-हान

* * *

मेइनोंग, ९ डिसेंबर

आ-हान,

पत्र आत्ता वाचलं आणि लगेच लिहायला बसलोय. मुळे शेतात तसेच पडलेत.

हे काय चाललंय? नऊ वर्षं सेवा झालेली सार्जंट, काल मिसरूड फुटलेल्या कॉर्पोरलांच्या मागे? ट्रकच्या आडोशाला? मी उभ्या नोकरीत हजारो माणसं रांगेत लावली. कुणी बुटका होता, कुणी तिरळा होता, एकाला तर डावा-उजवा कळायचा नाही. पण त्याची जी जागा ती त्याची जागा. ती मेजरच्या बापालाही हलवता येत नाही. कुणाला त्रास नको म्हणजे कुणाला? कुणाला त्रास होतोय त्याचं नाव काय, हुद्दा काय? समोर येऊ दे त्याला.

वर हसून म्हणायचं, आमची हरकत नाही. हरकत नाही तर ट्रकमागे का लपवता? आत घ्यायचं आणि दिसू द्यायचं नाही, याला काय आत घेणं म्हणतात? त्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणारा परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. आणि तू "जी सर" म्हणालीस? माझी भाची? तुला बोलता येत नव्हतं?

मी त्या मेजरला पत्र लिहू का? निवृत्त असलो तरी सार्जंट मेजर आहे. मामीसुद्धा म्हणाली, लिहा. म्हणजे बघ, ती माझ्याशी बोलली.

मामा

ता. क. वड्या मिळाल्या. मिरी बरोबर होती.

* * *

छावणी, १४ डिसेंबर

मामा,

मेजर साहेबांना पत्र लिहू नका. मीच बोलले त्यांच्याशी. ते शेवटी सांगते.

तुमचं पत्र वाचून मी आधी खूप हसले. मग मान-लीला वाचून दाखवलं, तीही हसली. मग ती म्हणाली, "त्यांना कळलंच नाही का गं?" तेव्हा मला रडू आलं.

मामा, मेजर साहेबांचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं होतं. तुम्हाला कुणी अडवत नाही, फक्त कुणाला त्रास नको. ते मी पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. ऑक्टोबरात ते मी तुमच्या अक्षरात वाचलं होतं. म्हणून तर "जी सर" इतक्या चटकन तोंडातून निघालं. माझ्या मामालाच असं वाटतं, तर परक्या मेजरकडे मी कुठल्या तोंडाने भांडू?

तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. मेजर साहेबही वाईट नाहीत. तुम्ही दोघं मला खपवून घेता, आणि प्रेमाने खपवून घेता. कुणी शिवी दिली तर मला उलट देता येते, त्यात मी पलटणीत पहिली आहे. पण प्रेमाने खपवून घेणाऱ्या माणसापुढे काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. त्याचे आभार मानावे लागतात आणि ट्रकमागे जाऊन उभं राहावं लागतं.

आता मेजर साहेबांचं. तुमच्या पत्रातला एक प्रश्न मी उचलला, माफ करा. त्यांच्या खोलीत गेले, सॅल्यूट केला आणि विचारलं, "सर, कुणाला त्रास होतोय त्याचं नाव आणि हुद्दा कळेल का?" त्यांनी रांगेचा कागद उघडला, पुन्हा मिटला. मग म्हणाले, बघतो. बाहेर येते तर आमच्या वर्कशॉपचे प्रमुख दारातच उभे. त्यांनी आत डोकं घालून फक्त एवढंच सांगितलं की ट्रक जुने आहेत साहेब, ऐन लग्नाच्या दिवशी चालू झाले नाहीत तर दुरुस्तीची पोरं तरी काय करणार. एवढं बोलून ते निघून गेले. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, मामा. कुणीच कुणाला काही सांगितलं नव्हतं.

अजून उत्तर आलेलं नाही. काही झालं तरी लग्न होणार.

आ-हान

* * *

मेइनोंग, २८ डिसेंबर

आ-हान,

तुझं पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मामीने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि त्या वाक्यापाशी थांबून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी उठून शेतात गेलो.

मला लिहायला उशीर झाला, कारण मधला दरवाजा अडकला होता. तुझ्या दादाच्या लग्नानंतर तो उघडलेलाच नाही. लाकूड फुगलंय, बिजागऱ्या गंजल्यात. रंधा मारला, तेल घातलं, आता दोन्ही फळ्या एका बोटाने उघडतात. शेजारच्या आ-खूनने विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, माझ्या भाचीचं लग्न आहे. तो म्हणाला, नवरा काय करतो? मी म्हटलं, नवरा नाही, दुसरीही मुलगीच आहे. त्याने मान खाजवली. मग मी म्हटलं, तू दर वर्षी माझ्या घरी मुळ्याच्या ज्या वड्या हाणतोस ना, त्या तिने केलेल्या. तो म्हणाला, हे आधी का नाही सांगितलंस. आता तो फटाके आणणार आहे. भाऊबंदांपैकी दोघांनी तोंड वाकडं केलं. त्यांची तोंडं आधीपासूनच तशी आहेत.

आता हुकूम नीट वाच.

तुम्ही दोघी लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तंबाखू वाळवायच्या जुन्या भट्टीपाशी उतरायचं. तिथून वाजंत्री पुढे, तुम्ही मागे. मोठ्या रस्त्याने यायचं, गल्लीबोळातून नाही. सनईवाल्या म्हाताऱ्या लिनला मी सांगून ठेवलंय, त्याने एकच विचारलं, की दोघींसाठी वाजवायचं तर दुप्पट वेळ वाजवू का. तू पूर्ण गणवेशात, पदकं लावून. मान-लीने तिला आवडेल ते घालावं. मधला दरवाजा उघडा असेल आणि मी उंबऱ्यात उभा असेन. मागच्या दाराला त्या दिवशी कुलूप असेल. ते मी स्वतः लावणार आहे.

आचारी श्यू वारला, गेल्या वर्षी. त्याच्या घरी कोण होतं ते मला आजही माहीत नाही. एवढंच लिहितो.

तुझी आई असती तर हे सगळं इतकं लांबलं नसतं. तिने मला कानाला धरून उभं केलं असतं.

मामा

* * *

छावणी, २० जानेवारी

मामी,

हे पत्र तुला, कारण मामांना लिहिलं तर ते म्हणतील मी होतोच की तिथे, मला काय सांगतेस. पण तू आत स्वयंपाकघरात धावपळ करत होतीस, तुझं निम्मं बघायचं राहिलं.

भट्टीपाशी उतरलो तेव्हा मान-ली माझ्या मागे मागेच राहत होती. गुलाबी पोशाख, त्यावर दुकानातलं जाड स्वेटर, काढायलाच तयार नाही. सनई सुरू झाली, रस्त्यावर माणसं बाहेर आली. मला वाटलं हसतील. एक आजी पुढे आली, तिने मान-लीला निरखलं आणि विचारलं, वड्यांत वाळवलेले झिंगे घालतेस का? मान-लीने हो म्हणून मान हलवली. आजी म्हणाली, मला वाटलंच, आणि बाजूला झाली. त्यानंतर मान-लीने स्वेटर काढलं.

मग अंगणातून मधला दरवाजा दिसला. दोन्ही फळ्या उघड्या आणि मामा सावधान उभे. जुना गणवेश घातलेला, बटणं कशी लागली देव जाणे. (तू श्वास रोखायला लावलास, असं ते नंतर म्हणाले.) लाल वस्त्र त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावरून घातलं, म्हणजे डावीकडची पदकं झाकली जाणार नाहीत. मग ते मान-लीकडे वळले आणि तसेच थांबले. हात रिकामे. दुसरं वस्त्रच नव्हतं. वस्त्र एकच आणायची सवय, आजोळी आजवर एकटा मुलगाच यायचा ना. वाजंत्री थांबली, आ-खूनने पेटती उदबत्ती फटाक्यापाशी धरलेली. मान-ली हळूच म्हणाली, असू दे, मला नको. मामांच्या कपाळावर मी पहिल्यांदा घाम पाहिला.

तेव्हा तू एप्रनच्या खिशातून ते दुसरं वस्त्र काढून बाहेर आलीस. तू ते कधी आणलंस, मामी? मामा म्हणतात, ऑक्टोबरातच, माझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात.

मामांनी ते हातात घेतलं आणि मान-लीला विचारलं, "कुठला खांदा? तुझ्या पोशाखाचा नियम मला माहीत नाही." ती म्हणाली, "तुम्ही घालाल तो." इतकंच. मग फटाके लागले आणि कुणाचंच काही ऐकू आलं नाही, म्हणून मी रडले ते कुणाला कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही आमच्या जागी होतो, सार्जंटांत, सेवेप्रमाणे, मांडवाच्या बरोबर समोर. रांग मेजर साहेबांनी स्वतः लावली होती. ट्रक एका किल्लीत चालू झाले. समारंभ संपल्यावर मामा मेजर साहेबांकडे तरातरा चालत गेले तेव्हा मला वाटलं, आता भांडतात. आज मेजर साहेबांनी सांगितलं की मामांनी कडक सॅल्यूट केला, म्हणाले, "रांग बरोबर आहे, साहेब," आणि त्यांच्या हातात मुळ्यांची पिशवी दिली.

तुझी,
आ-हान

* * *

मेइनोंग, २ फेब्रुवारी

मान-लीस,

तुला हे माझं पहिलंच पत्र. आतापर्यंतचे सगळे निरोप आ-हानमार्फत पाठवले, ते बरोबर नव्हतं. यापुढे वड्यांबद्दल काही म्हणायचं असेल तर थेट तुलाच लिहीन.

तू ताप येऊन दवाखान्यात होतीस असं आ-हानने लिहिलं होतं. ती गोष्ट जुनी झाली, पण मी तेव्हा विचारलं नाही, म्हणून आता विचारतो. आता तब्येत कशी आहे? दुकानात पहाटे उठून धुरात उभी राहतेस, छाती सांभाळ. आई-वडिलांना नमस्कार सांग. भावाच्या बोटीचं काम झालं का? हे सगळं मामीने तुला विचारून घेतलंय आणि मला पाठ करायला लावलंय, पण उत्तरं मला खरोखर हवी आहेत.

चांद्र नव्या वर्षाच्या सुट्टीत तुम्ही दोघी येता आहात असं कळलं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे गोंधळ होणार नाही. मधला दरवाजा मी परत लावून घेतलाय. तो पाहुण्यांसाठी आणि लग्नाकार्यासाठी असतो. तुम्ही शेताकडून या. पाऊस झाला असेल तर पायाला चिखल लागेल, मामी धपाटा घालेल, तो खाऊन घ्यायचा. आमच्या घरातली माणसं मागच्याच दाराने येतात.

कुलूप काढून ठेवलंय.

तुझा मामा,
चुंग ते-शेंग